उथळ खाऱ्या सरोवरावर विंडसर्फिंग : वारा, पाणी आणि काठ यांची नवशिक्यांसाठी ओळख

समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूचा दांडा किंवा प्रवाळाची रांग उभी राहिली, तिच्यामागे पाणी अडले आणि एखाद्या अरुंद मुखातून समुद्राशी त्याचे येणे-जाणे चालू राहिले, की खाऱ्या पाण्याचे उथळ सरोवर तयार होते. सिसिलीतील मार्सालाजवळचे स्तान्योने, टेक्सासच्या किनाऱ्यालगतचे लगुना माद्रे, कॅरिबियनमधील बोनेर बेटावरचे लाक बे आणि डेन्मार्कमधील रिंगक्योबिंग फ्योर्ड ही अशी ठिकाणे विंडसर्फिंगसाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण सारखेच आहे. तेथे मोठ्या लाटा नसतात, पाणी बऱ्याच भागात कमरेइतकेच असते, त्यामुळे पडल्यावर पायांवर उभे राहून पुन्हा बोर्डवर चढता येते आणि ज्या शिकाऊ माणसाची निम्मी शक्ती खोल पाण्यात पोहण्यातच खर्च झाली असती त्याची ती शक्ती शीड उचलण्याच्या कामी येते.

तथापि उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हे समीकरण मनात घेऊन सरोवरावर जाऊ नये. येथे होणाऱ्या दुखापती बहुतांशी पाणी कमी असल्यामुळे होतात, आणि येथे वाया जाणारे दिवस बहुतांशी चुकीच्या काठावर उतरल्यामुळे वाया जातात. म्हणून या लेखात शीड कसे धरावे यापेक्षा शीड जोडण्यापूर्वी काय पाहावे यावर अधिक भर दिला आहे. बोर्डवरचे मूलभूत कौशल्य प्रशिक्षकाकडूनच शिकावे. सरोवर ओळखण्याचे काम मात्र प्रत्येकाला स्वतः करावे लागते.

पायरी १ : नकाशावर सरोवर वाचणे

पहिल्यांदा जाण्याआधी उपग्रहाने टिपलेली त्या सरोवराची छायाचित्रे पाहावीत, आणि शक्य असल्यास निरनिराळ्या महिन्यांतील पाहावीत. एका छायाचित्रात पाणी दिसते त्याच जागी दुसऱ्या छायाचित्रात उघडी रेव दिसत असेल, तर तो भाग भरवशाचा नाही हे घरीच समजते. फिकट रंगाचा पट्टा बहुधा उथळ वाळूचा असतो. गडद पट्टा मात्र फसवा असतो, कारण खोल पाणी आणि समुद्रगवताचे दाट कुरण ही दोन्ही वरून सारखीच गडद दिसतात. सरळ रेषेत जाणारा गडद पट्टा दिसला तर तो खणलेला जलमार्ग समजावा. लगुना माद्रेमध्ये सरासरी सुमारे एक मीटर खोलीच्या पाण्यातून मालवाहू तराफ्यांचा जलमार्ग गेला असून त्याची खोली सुमारे ३.७ मीटर राखलेली आहे. कमरेइतक्या पाण्यातून चालत जाणाऱ्याच्या पायाखालची जमीन तेथे अचानक नाहीशी होते.

यानंतर नकाशावर त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. ज्या काठावरून वारा पाण्यावर येतो त्याला या लेखात वरचा काठ आणि ज्या काठावर तो जाऊन पोहोचतो त्याला खालचा काठ म्हटले आहे. नवशिक्या माणूस वाऱ्याविरुद्ध वर चढू शकत नाही, त्यामुळे दिवसाच्या शेवटी तो खालच्या काठाच्या दिशेने सरकलेला असतो, आणि म्हणून खालच्या काठावर काय आहे हा नकाशाला विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तेथे कडक वाळू आणि रस्ता असेल तर काही बिघडत नाही. तेथे दलदल, मिठागरांचे बांध, खारफुटी किंवा कालवांचे खडक असतील, तर तोच दिवस फार लांबतो. खालच्या बाजूला सरोवराचे मुख असेल तर त्या दिवशी त्या जागेवरून उतरूच नये, कारण ओहोटीच्या वेळी सगळ्या सरोवराचे पाणी त्या अरुंद वाटेने समुद्राकडे धावत असते आणि वारा व प्रवाह मिळून माणसाला बाहेर नेतात.

गाडी उभी करण्याची सोय आणि योग्य काठ एकाच ठिकाणी क्वचितच असतात. रस्ता संपतो त्याच जागी शीड जोडण्याचा मोह सर्वांना होतो. पण वाऱ्याची दिशा पाहून सरोवराला अर्धा वळसा घालून जाण्यात गेलेला वेळ पाण्यावर कितीतरी पटींनी भरून निघतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी २ : वारा समजून घेणे

किनाऱ्यालगतच्या सरोवरांवर उन्हाळी दिवसांत बहुतेक वेळा खारे वारे आणि मतलई वारे यांचेच राज्य असते. सकाळी जमीन तापू लागते, तिच्यावरची हवा वर जाते आणि उशिरा सकाळपासून समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. दुपारनंतर ते सर्वांत जोरात असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास मंदावतात. रात्री आणि पहाटे याउलट जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, पण ते सहसा दुबळे असतात. शिकण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की खारे वारे नुकतेच सुरू झालेले पहिले एक-दोन तास नवशिक्याचे असतात आणि भर दुपार अनुभवी लोकांची असते. उत्तर गोलार्धात खाऱ्या वाऱ्यांची दिशा दिवस चढत जाईल तशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडी वळत जाते, दक्षिण गोलार्धात उलट. सकाळी किनाऱ्याला काटकोनात येणारा वारा संध्याकाळी तिरका झालेला असतो, आणि सकाळी निवडलेला परतीचा बिंदूही त्यामुळे बदलू शकतो.

नवशिक्यासाठी ७ ते १२ नॉट वारा योग्य असतो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वेगातील लहानशा वाढीला कमी लेखू नये, कारण शिडावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा १४ नॉट झाला तर आकडा चारच नॉटने वाढतो, पण शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. अंदाजात सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन आकडे दिलेले असतात. सरासरी १० आणि झोत १३ असतील तर तो वारा समंजस आहे. सरासरी १० आणि झोत २२ असतील तर शिकाऊ माणसाने त्या दिवशी काठावरच थांबावे.

उथळ सरोवरांबाबत अंदाजाची एक अडचण लक्षात ठेवावी. अंदाज वर्तवणारी संगणकीय प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात, आणि अरुंद सरोवर व बारीक वाळूचा दांडा त्या चौकोनात अनेकदा जमीन म्हणूनच धरले जातात. परिणामी प्रत्यक्षातला वारा अंदाजापेक्षा जोराचा निघू शकतो. म्हणून अंदाजाबरोबरच सर्वांत जवळच्या हवामान केंद्राची प्रत्यक्ष नोंद पाहावी. ती नोंद साधारणपणे जमिनीपासून १० मीटर उंचीवरची असते आणि शीड त्याच्या बरेच खाली असते, त्यामुळे शिडाला मिळणारा वारा नोंदीपेक्षा थोडा कमी असतो.

पाण्याकडे पाहून वाऱ्याचा जोर ओळखण्याची मोकळ्या समुद्रावरची रीत येथे वरच्या काठावर उभे राहून वापरू नये. लाट वाढण्यासाठी वाऱ्याला पाण्यावरून लांब अंतर धावावे लागते, आणि वरच्या काठाजवळ ते अंतरच नसते. तेथे १८ नॉट वाऱ्यातही पाणी सपाट आणि निरुपद्रवी दिसते. पाचशे मीटर पुढे गेल्यावर त्याच पाण्यावर आखूड, उभट, एकामागोमाग येणाऱ्या लाटांचा खडबडीतपणा भेटतो. (वेगाचे विक्रम अशा सपाट पाण्यावरच होतात, आंत्वान आल्बो याने २०१५ मध्ये ५३.२७ नॉटचा वेग नोंदवला तो नामिबियातील ल्यूडरिट्झ येथे यासाठीच खणलेल्या अरुंद कालव्यात.) झाडे, इमारती किंवा उंच वाळूचे ढिगारे वरच्या काठावर असतील तर त्यांच्यामागे त्यांच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा तुटक आणि गोंधळलेला असतो. म्हणून बसका, उघडा दांडा हा उत्तम वरचा काठ होय.

पायरी ३ : पाण्याची खोली, आणि ती का बदलते

खोलीचा हिशेब फिनपासून सुरू करावा. बोर्डच्या मागच्या टोकाखाली असलेले फिन शिकाऊ बोर्डवर बहुधा ३० ते ४५ सेंटिमीटर लांब असते. मध्यभागी खाली सोडता येणारी पट्टी असल्यास ती आणखी खोल जाते. फिनच्या लांबीत निदान ३० सेंटिमीटरची भर घालावी आणि तेवढ्यापेक्षा कमी पाण्यात बोर्डवर उभे राहू नये. प्रौढ माणसाच्या गुडघ्याइतके पाणी म्हणजे साधारण अर्धा मीटर. ते कमी पडते. मांडीच्या मध्यापर्यंतचे पाणी कसेबसे पुरते, कमरेइतके पाणी योग्य. बोर्डखाली उंच दांड्यावर पंख बसवलेला फॉइल हा प्रकार तर अशा सरोवरांवर बहुधा बादच समजावा, कारण नुसता दांडाच ७० ते ९० सेंटिमीटरचा असतो.

फिन तळाला लागले तर काय होते, हे आधीच कळलेले बरे. बोर्ड एका क्षणात थांबतो, पण शीड आणि माणूस पुढेच जात राहतात, आणि माणूस डोक्याच्या बाजूने पुढे फेकला जातो. खोल पाण्यात अशा पडण्याने फारसे काही होत नाही. अर्ध्या मीटर पाण्यात खाली वाळू असते, आणि मानेची दुखापत होण्याची खरी शक्यता असते. उथळ सरोवराविषयी या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच असावी.

आता खोली बदलते कशी, ते पाहू. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून खोली ठरवण्याची सवय येथे उपयोगाची नाही. सरोवराचे मुख अरुंद असल्यामुळे समुद्रातील भरती आत येईपर्यंत क्षीण होते आणि उशिरा पोहोचते. काही सरोवरांत समुद्रावर मीटरभर भरती असताना आत काही सेंटिमीटरचाच फरक पडतो, आणि तोही कोष्टकातील वेळेनंतर काही तासांनी. उधाण आणि भांग यांचा फरक जाणवतो, पण तो हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने. रिंगक्योबिंग फ्योर्डसारख्या ठिकाणी तर समुद्राशी संबंध व्हीडे सांडे येथील दरवाजांमधून येतो आणि पातळी माणसेच राखतात.

रोजच्या रोज पातळी बदलवणारा घटक वारा हाच आहे. वारा पाण्याचा वरचा थर पुढे ढकलतो, खालच्या काठाशी पाणी साचते आणि वरच्या काठाशी ते ओसरते. सरोवर जितके लांब आणि जितके उथळ तितका हा फरक मोठा. पाच किलोमीटर लांब आणि एक मीटर खोल सरोवरावर २० नॉटचा वारा टिकून राहिला, तर दोन टोकांच्या पातळीत साधारण आठ सेंटिमीटरचा फरक पडतो. लांबी दुप्पट झाली किंवा खोली निम्मी झाली तर फरकही दुप्पट होतो. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण जेथे तळ शंभर मीटरला दहा सेंटिमीटर या मानाने उतरत जातो तेथे वरच्या टोकाला त्यातले निम्मे, म्हणजे चार सेंटिमीटर, पाणी उतरले तरी काठ दुपारपर्यंत चाळीस मीटर मागे हटलेला असू शकतो. आपण बहुधा वरच्या काठावरूनच उतरलेलो असतो, त्यामुळे सकाळी काठाशी जेथे थोडेसे पाणी होते तेथे परतताना चिखल भेटतो. वारा पडला की साचलेले पाणी पुन्हा मागे येते. लगुना माद्रेभोवतीच्या विस्तीर्ण सपाट भूमीवर पाणी चढते आणि उतरते ते मुख्यतः अशा वाऱ्यामुळेच.

याशिवाय कोरड्या ऋतूत बाष्पीभवनाने पातळी आठवड्याआठवड्याला खाली जाते आणि खारटपणा वाढतो. साधारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्पेनमधील मार मेनोरसारख्या सरोवरात ते ४० ग्रॅमच्या वर जातात. जास्त खारट पाण्यावर बोर्ड अधिक तरंगतो ही गोष्ट खरी असली तरी नवशिक्याला जाणवावा इतका तो फरक नसतो. डोळे आणि ओरखडे मात्र लगेच चुरचुरतात.

प्रत्यक्ष काठावर पोहोचल्यावर शीड जोडण्याआधी बूट घालून, बोर्ड न घेता, पाण्यात चालत जावे आणि ज्या पट्ट्यात ये-जा करायची आहे तो पट्टा पायांनी तपासावा. खुणा केलेली काठी बरोबर असेल तर उत्तम. तळ कडक वाळूचा आहे की गाळाचा, शिंपले किती, गवत किती, जाळ्यांचे खुंट कोठे आहेत हे सगळे या दहा मिनिटांत कळते. पाय उचलून टाकण्याऐवजी तळावरून घासत न्यावेत. उष्ण सरोवरांच्या वाळूत पाकट मासे पुरून बसलेले असतात, पायाचा धक्का लागला की ते पळून जातात, पण वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. पाऊल पिंडरीपर्यंत रुतू लागले की त्या दिशेने पुढे जाऊ नये. रुतलेच, तर उभे राहून पाय ओढण्याऐवजी बोर्ड आडवा टाकून त्यावर छाती टेकावी आणि वजन काढून घेत पाय सोडवावा.

पायरी ४ : प्रवेश, परवानगी आणि सरोवराचे इतर हक्कदार

उथळ खारी सरोवरे दिसतात रिकामी, पण बहुतेकांवर कोणाचा ना कोणाचा हक्क असतो. पक्ष्यांसाठी राखलेले क्षेत्र, मासेमारीचे पट्टे, कालवांची शेती, मिठागरे, खासगी जमिनीतून जाणारी वाट, जलमार्ग खाते असे अनेक संबंध एकाच काठावर गुंतलेले असू शकतात. स्तान्योने हे १९८४ पासून राखीव निसर्गक्षेत्र आहे आणि त्याच्या काठी मिठागरेही आहेत. लाक बे हे रामसर करारातील पाणथळ क्षेत्र आहे आणि सागरी उद्यानाचा भागही. दक्षिण आफ्रिकेतील लँगेबानच्या अशाच खाऱ्या सरोवराचे तीन विभाग पाडले असून एका विभागात सर्व प्रकारच्या होड्या चालतात, दुसऱ्यात यंत्राविना चालणाऱ्याच, आणि दक्षिणेकडील तिसऱ्यात कोणालाच प्रवेश नाही. मार मेनोरला तर स्पेनने २०२२ मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. अशा ठिकाणी ‘कोणी अडवले नाही’ याचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा होत नाही.

म्हणून चौकशीचा क्रम असा ठेवावा. प्रथम त्या क्षेत्राचे व्यवस्थापन करणाऱ्या कार्यालयाची नियमावली वाचावी आणि तीत तीन गोष्टी शोधाव्यात : पाण्यात उतरण्याच्या नेमून दिलेल्या जागा, बंदीचा काळ आणि बंदीचे पट्टे. बंदीचा काळ बहुधा पक्ष्यांच्या विणीच्या हंगामाशी जोडलेला असतो, आणि जो काठ हिवाळ्यात खुला असतो तोच वसंतात बंद असू शकतो. त्यानंतर तेथे नियमित शीड चालवणाऱ्यांना विचारावे. शेवटी मासेमारी करणाऱ्यांशी बोलावे. जाळी कोठे लावलेली आहेत आणि पाणी कोणत्या वाऱ्यात कोठे ओसरते, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही. खुंटांच्या रांगा आणि तरंगणारी बोये यांच्यापासून वाऱ्याच्या खालच्या बाजूने जावे, म्हणजे पडलो तरी वारा आपल्याला जाळ्यांपासून दूरच नेईल.

काठावर पोहोचण्याच्या वाटेबद्दल दोन सूचना आवश्यक वाटतात. वाळलेल्या सरोवराच्या तळावर मिठाचा पांढरा, कडक दिसणारा पापुद्रा असतो आणि त्यावरून गाडी थेट पाण्यापर्यंत नेण्याचा मोह होतो. त्या पापुद्र्याखाली ओला गाळ असतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. आधीच्या चाकांच्या खुणा दिसत असल्या तरी त्या कोरड्या आठवड्यातल्या असू शकतात. दुसरे, मिठागरांचे बांध मातीचे असतात. साहित्य घेऊन त्यांवरून चालल्याने ते ढासळतात आणि आत वेगवेगळ्या खारटपणाचे ठेवलेले पाणी एकत्र होते, तेव्हा जवळची वाट वाटली तरी ती आपली नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत अंतर हाच नियम. रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उथळ पाण्यात चरत असताना सर्व माना खाली असतात. माना वर होऊन थवा एका दिशेने चालू लागला की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तेथूनच वळावे. ते उडेपर्यंत वाट पाहू नये. निदान दोनशे मीटर अंतर ठेवल्यास सहसा ही वेळ येत नाही. समुद्रगवतालाही अशीच काळजी लागते, कारण उपटलेले कुरण पुन्हा धरायला वर्षे जातात. टेक्सासच्या किनारी पाण्यात होडीच्या पंख्याने समुद्रगवत उपटणे २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. बोर्डला पंखा नसला तरी कमी पाण्यात लांब फिन ओढत नेल्याने तेच नुकसान लहान प्रमाणात होते.

पायरी ५ : साहित्याची निवड

प्रौढ नवशिक्यासाठी १६० ते २०० लिटरचा रुंद बोर्ड आणि ४ ते ५ चौरस मीटरचे हलके शीड पुरेसे आहे. लहान चणीच्या व्यक्तीने शीड आणखी लहान घ्यावे. उथळ सरोवरासाठी बदल करायचा तो फिनमध्ये. २० ते २५ सेंटिमीटरचे, पायाशी रुंद असलेले आखूड फिन घ्यावे, आणि गवत जास्त असेल तर सुमारे ४५ अंशांनी मागे झुकलेले फिन घ्यावे, ज्यावरून गवत आपोआप घसरून जाते. बोर्ड अकारण जड वाटू लागला, वेग उतरला आणि वळण घेताना तो आळस करू लागला, तर फिनवर गवत अडकले आहे असे समजावे. क्षणभर थांबून बोर्ड मागे सरकू द्यावा, बहुतेकदा ते सुटते. मध्यभागी खाली सोडण्याची पट्टी असल्यास काठाजवळ ती वर ओढून ठेवावी.

जाड, कडक तळव्याचे बूट अपरिहार्य आहेत, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. शिरस्त्राण घालावे, वर सांगितलेल्या फेकल्या जाण्याचे कारण पुरेसे आहे. तरंगण्यास मदत करणारे जाकीट कमरेइतक्या पाण्यात हास्यास्पद दिसते असे काहींना वाटते, परंतु खणलेले जलमार्ग आणि मुखाजवळचे खड्डे लक्षात घेता ते अंगावर असावे, आणि पडताना बरगड्यांनाही त्याचा आधार होतो. उथळ पाणी लवकर तापते तसे लवकर गारही होते. थंडीच्या लाटेनंतर सरोवराचे पाणी समुद्रापेक्षा गार असू शकते, तेव्हा पोशाख हवेच्या तापमानावरून ठरवू नये. शिट्टी, पिण्याचे पाणी आणि जलरोधक पिशवीत फोन एवढे बरोबर असावे.

पायरी ६ : पहिले सत्र

शीड गवतावर किंवा स्वच्छ वाळूवर जोडावे. मिठाच्या पापुद्र्यावर ते घासले जाते आणि डोलकाठीच्या सांध्यात खारट कण शिरतात. बोर्ड कमरेइतक्या पाण्यात नेऊन मगच त्यावर चढावे. वाऱ्याकडे पाठ करून, दोरीने शीड हळूहळू पाण्याबाहेर उचलावे आणि ते हवेत मोकळे फडफडत असताना बोर्ड वाऱ्याला काटकोनात स्थिर करावा. येथून पुढे पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट एवढेच ठेवावे : वाऱ्याला आडवे शंभर-दीडशे मीटर जाणे, वळणे, आणि निघाल्या जागी परत येणे. काठावर ठळक खूण ठरवून प्रत्येक फेरीनंतर ती पाहावी. खूण वारा येतो त्या बाजूला सरकत सरकत दोनशे मीटरवर गेली की थांबून बोर्ड हाताने ओढत चालत परत यावे. चालत परत येण्याची ही सोय हाच उथळ सरोवराचा सर्वांत मोठा फायदा आहे, पण वाऱ्याविरुद्ध कमरेइतक्या पाण्यातून चालणे दमवणारे असते, आणि गाळात दोनशे मीटरसुद्धा फार होतात. म्हणून दमण्यापूर्वीच, तास-दीड तासात, सत्र संपवावे.

पडण्याचीही पद्धत आहे. तोल गेला की बूम, म्हणजे शीड धरण्याचा आडवा दांडा, सोडून उडी मारू नये. मागे पडत असल्यास अंग पसरून पाठीवर पडावे, पुढे पडत असल्यास बूम दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावा, म्हणजे शरीर शिडाबरोबर पडते आणि डोके तळावर आपटत नाही. बोर्डवरून पायांवर उडी मारणे आणि सूर मारणे या दोन्ही गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. शीड पाण्यात उलटे पडून डोलकाठीचे टोक गाळात रुतले असेल तर ते ताकदीने उपटू नये, कारण डोलकाठी तेथेच मोडते. बोर्ड वाऱ्याच्या दिशेने वळवून टोकावरचा भार कमी करावा आणि टोकाजवळ चालत जाऊन ते हाताने सोडवावे.

समोरासमोर येणाऱ्यांसाठी शीडनौकांचे नियम येथेही लागू आहेत : ज्याचा उजवा हात डोलकाठीकडे आहे त्याला वाटेचा हक्क असतो, एकाच बाजूने जाणाऱ्या दोघांत वाऱ्याकडील बाजूच्याने वाट द्यायची असते, आणि मागून येणाऱ्याने दूर राहायचे असते. पतंगाच्या साहाय्याने जाणाऱ्यांच्या दोऱ्या २० ते २५ मीटर लांब असतात; त्यांच्या खालच्या बाजूला रेंगाळू नये.

मेघगर्जना ऐकू आली की ताबडतोब बाहेर यावे. सपाट सरोवराच्या मध्यभागी साडेचार मीटरची कार्बनची डोलकाठी धरून उभा असलेला माणूस हा आसमंतातील सर्वांत उंच बिंदू असतो. शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटे पाण्यात परतू नये. खोल भागात अडकल्यास आणि शीड उचलता येत नसल्यास बोर्ड कधीही सोडू नये; त्यावर बसून दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करत राहणे ही मदत मागण्याची सर्वत्र ओळखली जाणारी खूण आहे.

पायरी ७ : पाण्याबाहेर आल्यावर

प्रथम पाय आणि नडग्या तपासाव्यात. उबदार, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि लहानशा जखमेतून ते गंभीर संसर्ग घडवू शकतात, म्हणून प्रत्येक ओरखडा स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावा, आणि पुढील एक-दोन दिवसांत जखमेभोवती झपाट्याने सूज, लाली, तीव्र वेदना किंवा ताप आल्यास वेळ न दवडता डॉक्टरांकडे जाऊन खाऱ्या पाण्याचा संपर्क झाल्याचे आवर्जून सांगावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी उघडी जखम असताना अशा पाण्यात उतरू नये. मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस सर्वांनीच सरोवर टाळावे, कारण आजूबाजूचे सांडपाणी व शेतातले पाणी त्यातच येते. पाणी हिरवे-तपकिरी झाले असेल, मेलेले मासे दिसत असतील किंवा सडक्या अंड्यांचा वास तीव्र असेल तर कोरड्या ऋतूतही तोच नियम.

साहित्य गोड्या पाण्याने धुवावे. डोलकाठीचे दोन तुकडे आणि तळाची जोडणी त्याच दिवशी वेगळी करावी. मीठ व बारीक वाळू सुकली की ते सांधे असे धरतात की दोघांनी ओढूनही सुटत नाहीत. फिनचे स्क्रू सैल करावेत, शिडाचा ताण उतरवावा, आणि शीड सावलीत पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावे. बूट, फिनची खाच आणि बोर्डच्या पट्ट्यांमध्ये अडकलेले गवताचे तुकडे व शिंपल्यांची पिल्ले त्याच काठावर काढून टाकावीत, म्हणजे पुढच्या वेळी हेच साहित्य दुसऱ्या सरोवरावर नेले तरी एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जाणार नाहीत.